भूपालचा दुसरा गिअर

हीटरला वीस मोजायचे.
अठराला चावी फिरवली तर गाडी रुसते,
तिसाला फिरवली तर बॅटरी.
हे आबांनी शिकवलं, मी सातवीत असताना,
दोन सीटांमधल्या इंजिनाच्या पेटीवर बसवून.
खाली गोधडी असायची, तरी मांड्या भाजायच्या.
हरिपूरच्या पेवांपासून मार्केट यार्डापर्यंत
हळदीची पोती वाहिली या मॅटाडोरनं.
आबा गेले. पेवं पुरात ढासळली.
तळाच्या फळीच्या फटीत पेचकस फिरवला
की अजून पिवळं निघतं.

रविवारी कुपवाडात, रायगोंडाच्या लेथवर जमतो आम्ही.
सहा गाड्या. त्यांतल्या चार आपल्या पायांनी येतात.
दस्तगीरभाईंची मिरजेची, पूर्वीची अँब्युलन्स.
क्रॉसवर त्यांनी रंग मारलाय दोनदा,
पण उन्हात तो लाल खालून वर येतो
आणि लोक अजून बाजूला होतात.
घाटगे सरांची, शाळेची पोरं नेणारी.
सर वही ठेवतात. कुठला नट कधी, कुणाकडून.
"सर, सतराचा पाना द्या" म्हटलं
तर आधी विचारतात, कशाला?

पार्ट मिळत नाहीत, हे आता आम्ही बोलतही नाही.
रायगोंडा बुश कातून देतो.
खिशात मायक्रोमीटर, भरवसा अंगठ्याच्या नखावर.
"केसभर जास्त हाय," म्हणतो,
आणि केसभरच असतं.

मला सुरुवातीला चहाचं विचारायचे.
म्हणजे, करशील का, असं.
मग एकोणीसच्या पुरात गाडी काचेपर्यंत बुडाली.
पाणी उतरल्यावर अंगणात परातीत गिअरबॉक्स मांडला,
अकरा दिवस धूत होते.
कृष्णेचा गाळ, दोन शिंपले,
कुणाच्या तरी अडकित्त्याचं एक पातं,
आणि दुसऱ्या गिअरचे तीन दात, सुटे.
त्या रविवारपासून चहा घाटगे सर करतात.
साखर जास्त पडते. पितो.

भूपाल मगदूम, समडोळीचा.
त्याची गाडी निळी, आमच्यात सगळ्यांत देखणी.
एका दुपारी लुनावरून आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर ठेवून.
"माझी आता उभीच असती," म्हणाला.
हात कापायला लागलेत, हे सांगितलं नाही.
मी कागद उलगडला. स्वतःची उघडून काढला होता.
"देत न्हाई गं. उसना देतोय."

मार्गशीर्षात गेला.
पोरांनी भंगारवाला बोलावला, काटा घेऊन.
आम्ही अर्धा तास आधी पोचलो.
कुणी कुणाशी बोललं नाही, नुसते पाने वाजत होते.
दारं दस्तगीरभाईंना, पंप सरांना,
एक्सल कुणाला ते आठवत नाही.
स्टिअरिंगला कुणी हात लावला नाही.
शेवटी रायगोंडानं ते काढलं
आणि लेथच्या वर खिळ्याला अडकवलं.
त्याच्यावर आता धातूचा चुरा बसतो. रोज झटकतो.

पासिंगला गेले तर साहेब म्हणाले,
गाडीचं वय किती?
म्हटलं, साहेब, कुठल्या भागाचं विचारताय?
ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

दंडोबाच्या चढाला दुसरा टाकला
की माझी गाडी हंबरते.
नव्या दातांशी जुन्यांचं अजून जुळलेलं नाही,
की नवे कुठले आणि जुने कुठले, देव जाणे.
मागून दस्तगीरभाई काच खाली करून ओरडतात,
"भूपाल बोलाया लागला!"
आणि निळ्या दाराची अँब्युलन्स
माझ्या मागं धुरातून वर येते.

वर पोचल्यावर रेडिएटरला पाणी,
माणसांना कालचे धपाटे.
सर दगडावर बसून वही उघडतात.
माझ्या पानावर लिहिलंय:
दुसरा गिअर, मगदूम, उसना.
पुढचा रकाना परतीचा.
तिथं ते पेन टेकवतात,
थोडा वेळ तसंच धरतात,
मग विचारतात, आज किती किलोमीटर झाले?